दोन फुटी फिश टँकला फिल्टर कोणता घ्यावा? पाणी दुधाळच राहतंय

इंदिरानगरची_आई
नमस्कार. लेकाच्या वाढदिवसाला टँक घेतला, २४ × १२ × १२ इंच. चार गोल्डफिश होते, दोन गेले. लेक त्या रात्री जेवला नाही. दुकानदाराने आत बसणारा छोटा फिल्टर दिला होता आणि सांगितलं होतं, "दर रविवारी सगळं पाणी बदला, स्पंज नळाखाली चकाचक धुवा." तसंच करतेय, तरी बुधवारपर्यंत पाणी दुधासारखं होतं. दुसऱ्या दुकानात कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा मोठा डबा-फिल्टर, घ्या म्हणाले, किंमत ऐकून तशीच परत आले. हजार-दीड हजारात काही जमेल का? आवाज मात्र नको, टँक हॉलमध्ये आहे आणि सासरे तिथेच झोपतात.

काचेतलं_तळं
ताई, नवा फिल्टर राहू द्या, आधी तो स्पंज नळाखाली धुणं थांबवा.

माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं थोडंफार चालतं, ते पाणी बदलताना निघून जातं. हे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या नाशिकचं पाणी गंगापूर धरणाचं असो की मुकणेचं, महापालिका त्यात क्लोरीन घालते ते जंतू मरावेत म्हणूनच. म्हणजे दर रविवारी तुम्ही कामगारांना हाकलता आणि सोमवारी कारखाना पुन्हा शून्यापासून. दुधाळपणाही त्यातलाच, नव्या टँकमध्ये पाण्यात मोकळे जीवाणू फोफावतात तेव्हा असं होतं.

आता हिशोब. तुमच्या मापात काठोकाठ ५६ लिटर बसतं, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की ४५-५०. साध्या माशांना तासाला चार ते सहा पट पाणी फिरलं तरी पुरतं. गोल्डफिश खादाड आणि तेवढेच घाणेरडे, त्यांना आठ-दहा पट धरा, म्हणजे तासाला ४००-५०० लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र रिकाम्या पंपाचा असतो, स्पंज भरला की तो उतरतो.

माझं मत: दोन स्पंजांचा स्पंज फिल्टर आणि दोन तोंडांचा एअर पंप, त्याच्या हवेच्या बुडबुड्यांनी पाणी स्पंजातून ओढलं जातं. तुमच्या बजेटमध्ये आरामात बसेल. आणि जुना फिल्टर फेकू नका! महिनाभर दोन्ही सोबत चालवा, तोवर नव्या स्पंजवर जीवाणू बसतील.

पंचवटीकर
तळंभाऊंचं बरोबर, पण सासरेबुवांचं काय? एअर पंप रात्री गुरगुरतो. शिवाय स्पंज पाणी निरोगी ठेवतो, पण तरंगणारा बारीक कचरा तसाच राहतो. मी हँग-ऑन वापरतो, मागच्या काचेवर अडकवायचा. पातळी भरलेली असली की आवाज जवळजवळ नाही, आणि त्यातला कापूस कचरा धरतो.

एक अनुभव सांगतो. आम्ही त्र्यंबकला गेलो होतो, मागे वीज गेली आणि आली. माझ्या जुन्या फिल्टरची मोटर वर होती, पाणी उतरून गेलेलं, ती रात्रभर कोरडीच घरघरली. सकाळी हात लावला तर चटका. घ्यायचाच तर मोटर पाण्यात बुडणारा बघून घ्या, तो वीज आली की आपोआप सुरू होतो.

काचेतलं_तळं
हे मान्य. पण एअर पंपाचा आवाज निम्मा तरी टेबलाचा असतो. जुना टॉवेल चार घड्या घालून खाली ठेवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर हवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. स्वस्तातली वस्तू. ती नव्हती म्हणून एका रात्री वीज गेल्यावर आमचं पाणी नळीतून उलटं येऊन स्विचबोर्डाशी टपकत होतं.

बोअरवाला_नाशिकरोड
बोअरचं पाणी वापरत असाल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण क्षार जमून मोटरचं पातं अडकतं. महिन्यातून एकदा काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, मग धुवा. हीटर गोल्डफिशला नको, आपल्या डिसेंबरच्या थंडीत ते मजेत असतात. आणि राग मानू नका, दोन फुटांत दोनच पुरे. मेलेल्यांच्या जागी नवे आणू नका.

इंदिरानगरची_आई
सगळ्यांचे आभार. पाणी किती आणि कधी बदलू?

काचेतलं_तळं
आठवड्याला एक चतुर्थांश. दुधाळपणा जाईपर्यंत दोनदा. नवं पाणी बादलीत काढून अँटी-क्लोरीन घालायचं, मात्रा बाटलीवर असते. स्पंज मात्र टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, बस्स. आणि खाणं निम्मं करा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

इंदिरानगरची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. स्पंज फिल्टरच घेतला, जुनाही चालू आहे. काल पहिल्यांदा बादलीत स्पंज पिळला, पाणी चहासारखं झालं, ते मोगऱ्याला घातलं. काचेतून पलीकडची भिंत दिसतेय! सासरे पहिल्या रात्री कुरकुरले, टॉवेलानंतर काही बोलले नाहीत. लेकाला अजून दोन मासे हवेत. निदान हिवाळ्यापर्यंत तरी नाही म्हटलंय, तर कॅलेंडरवर रोज एक फुली मारतोय.