मदत हवी आहे: प्लमर ब्लॉकचं मॉडेल मिरर केल्यावर मधोमध धार येते

धागाकर्ता: पॅटर्नशॉप_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,
सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) प्लमर ब्लॉकच्या (शाफ्टचं बेअरिंग धरणारं घर) बॉडीचं मॉडेल करतोय, त्यावरून सीएनसीवर पॅटर्न (वाळूत साचा उमटवायचा नमुना) कापायचा आहे. ग्रे आयर्नचा (बिडाचा) जॉब, ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला उतार) दीड अंश. डावी-उजवी बाजू सारखी, पुढची-मागचीही सारखी. वेगळं एवढंच की एका खांद्यावर ग्रीस निपलचा बॉस (उंचवटा) आहे आणि पुढच्या तोंडावर कास्ट अक्षरं आहेत. पार्टिंग (साच्याचे दोन भाग जिथे वेगळे होतात तो सांधा) शाफ्टला काटकोनात, बरोब्बर मधल्या प्लेनवर.

अर्धा जॉब काढून एकेक फीचर मिरर करतोय. पाया, रिब वगैरे नीट येतात, पण फिलेट (कडांची गोलाई) घेतले की रिबिल्ड एरर. शिवाय वरच्या कमानीच्या शेंड्यावर बारीक धार दिसते, झेब्रा स्ट्राइप्स (पृष्ठभाग सलग आहे का ते दाखवणारे पट्टे) लावल्या की तिथे पट्टे तुटतात. आणि ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप निम्मं करून टाकायचा कंटाळा आलाय. सरळ अख्खा जॉब काढावा का?

प्रतिसाद: जुना_ड्राफ्ट्समन

अख्खा नको, उलट पावच काढा. फ्रंट आणि राइट प्लेन ओरिजिनवर आहेतच, तीच तुमची दोन मिरर प्लेन. पाव भागाची बॉडी पूर्ण करा आणि फीचरऐवजी बॉडी मिरर करा: 'बॉडीज टू मिरर' मध्ये बॉडी निवडून 'मर्ज सॉलिड्स' वर टिक. दोनदा केलं की काम झालं. फीचर मिरर करताना सॉफ्टवेअरला पलीकडे तीच कड सापडावी लागते. फिलेट तिथेच अडखळतो.

मापांचं म्हणाल तर निम्मं करायची गरजच नाही. स्केचमध्ये सेंटरलाइन काढा, रेषेपासून सेंटरलाइनला डायमेन्शन द्या आणि माप ठेवताना कर्सर सेंटरलाइनच्या पलीकडे न्या. दुप्पट माप दिसतं. ड्रॉइंगवर १७० असेल तर १७०च टाका. पुढे कुणी मॉडेल उघडलं तर ८५ कुठून आले म्हणून डोकं खाजवणार नाही.

प्रतिसाद: साचेबंद

वरचं पटलं, पण तुमची दोन्ही प्लेन एकसारखी वागवू नका, खरी गोम तिथे आहे.

पार्टिंगच्या प्लेनवर धार हवीच. ड्राफ्ट तिथूनच दोन्हीकडे उतरतो, म्हणजे भिंती त्या प्लेनवर बाहेरच्या बाजूला टोकदार भेटणार. ती धार मोडायला पाव भागावर फिलेट मारलात तर कोप आणि ड्रॅगच्या (साच्याचा वरचा आणि खालचा भाग) मधे खाच पडेल, मोल्डर तुमच्या नावाने शंख करेल.

डाव्या-उजव्या प्लेनवर मात्र पृष्ठभाग सलग जायला हवा. त्यासाठी स्केचमधली वक्ररेषा सेंटरलाइनला काटकोनातच भेटली पाहिजे. तुमच्या कमानीच्या आर्कचा केंद्रबिंदू बहुधा सेंटरलाइनवर नाही, थोडा बाजूला सरकलाय. केंद्राला सेंटरलाइनवर बसवणारं 'कोइन्सिडेंट' लावा. स्प्लाइन असेल तर टोकाच्या हँडलला हॉरिझॉन्टल द्या. एवढ्याने टँजन्सी (सांध्यावर दिशा न तुटणं) येतेच, आणि आरशातली प्रत असल्यामुळे दोन्ही बाजूंची वक्रताही आपोआप जुळते.

फिलेटचा नियमही यावरूनच निघतो. कड मिरर प्लेनला काटकोनात छेदत असेल तर पाव भागावरच मारा, मिररनंतर सलग दिसेल. तिरकी छेदत असेल किंवा कड मिररमुळेच तयार होत असेल, तर मिररनंतर. आणि ड्राफ्ट नेहमी फिलेटच्या आधी, हे तुम्हाला माहीत असेलच.

धागाकर्ता: पॅटर्नशॉप_कोल्हापूर

आर्कचाच घोळ होता, केंद्र ०.४ मिमी बाजूला होतं! आता झेब्रा पट्टे सलग आले. बॉडी मिररने ट्रीसुद्धा (फीचरची यादी) निम्म्यावर आली.
बॉस आणि अक्षरं शेवटी टाकू ना? आणि एक टक्का आकसमान (ओतीव थंड होताना आकसतं, त्यासाठीची वाढ) कधी द्यायचं?

प्रतिसाद: जुना_ड्राफ्ट्समन

हो, बॉस आणि अक्षरं दोन्ही ट्रीमध्ये मिररच्या खाली. अक्षरं आधी टाकलीत तर पलीकडे उलटी उमटतील. आमच्याकडे एक पॅटर्न असा गेलाही होता, त्याला आम्ही 'उर्दू ब्लॉक' म्हणायचो. बॉसला मात्र ड्राफ्ट पार्टिंगपासून दोन्हीकडे वेगळा द्यावा लागेल, तो पाव भागातून येणार नाही.

पायाच्या तळाचा मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापून काढायला ठेवलेली जादा जाडी) आधी, आकसमानासाठीचं स्केल सगळ्यात शेवटी. स्केल करताना 'सेंट्रॉइड' (बॉडीचा भारमध्य) नको, 'ओरिजिन' निवडा. बॉस एका बाजूला असल्यामुळे सेंट्रॉइड डाव्या-उजव्या मधल्या प्लेनवर नसतो. त्याभोवती फुगवलंत तर पार्टिंग जवळपास जागेवर राहील पण डावा-उजवा मध्य ओरिजिनवरून सरकेल, आणि मशीनवर झीरो सेट करताना शोधत बसाल.

प्रतिसाद: साचेबंद

बॉस दुसऱ्या खांद्यावर असलेला जोडीदार जॉबही लागतो का? लागत असेल तर या फाइलमध्ये काही करू नका. 'इन्सर्ट' मेनूतून 'मिरर पार्ट' घेऊन वेगळी फाइल बनवा, मूळ बदललं की तीही बदलते. फक्त अक्षरं उलटी येतील, ती काढून त्या फाइलमध्ये नव्याने टाका.