मदत हवी आहे: ऑटिझमच्या उपचारांची खात्रीची माहिती कुठे मिळेल?

नमस्कार ताई-दादांनो, मी जुळे सोलापुरात राहते. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान होऊन सात महिने झाले. बोलत नाही अजून, पण चादरीच्या दशा बोटांत फिरवत शेजारी बसतो आणि मी थांबले की माझा हात ओढून पुन्हा दशांवर ठेवतो.

मागच्या आठवड्यात एका सेंटरमध्ये स्टेम सेलचं (शरीरात मूळ पेशी सोडण्याच्या उपचाराचं) पॅकेज सांगितलं. खर्च कागदावर लिहून दिला आणि "उशीर केलात तर वय निघून जाईल" म्हणाले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नंतर कळलं की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही असं सांगितलंय. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनं 2013 मध्ये ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी गहू-दूध बंद करण्याचा आहार, चिलेशन (औषधानं शरीरातले जड धातू काढणं), हायपरबॅरिक ऑक्सिजन (जास्त दाबाच्या बंद कक्षात ऑक्सिजन देणं), हे सगळं वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे तर सासूबाईंनी पोळी बंदही केली होती, लेकरू अर्धपोटी राहायचं.

जे उपचार विकतात त्यांचीच माहिती आधी समोर येते, हीच अडचण आहे. कॉक्रेन या संस्थेचे आढावे (एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष) सोप्या मराठीत कुणी समजावून देईल का? सोलापुरात आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले स्पीच थेरपिस्ट आणि नोंदणीकृत ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं, हालचाली शिकवणारे) कोण आहेत, जे आई-बाबांना समोर बसवून शिकवतात? पुण्याला दर आठवड्याला जाणं आम्हाला झेपणार नाही. अनुभव असेल तर कृपया सांगा, काही फायदा झाला नसेल तर तेही.