डी अँड डी खेळात क्लास नेमका ठरतो कशावर? फायटर आणि रॉगवरून वाद झालाय

भुसावळचा_फासा: आम्ही चौघं दर रविवारी जळगावला मित्राच्या गच्चीवर डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र रंगवायचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती. यात क्लास म्हणजे पात्राचा प्रकार. एकाने फायटर (लढवय्या) घेतला पण तो कुलपं उघडतो, खिसे कापतो, मग रॉगवाला (रॉग म्हणजे चोर) चिडला की माझं काम तू का करतोस भो. तर क्लास ठरतो कशाने, कामाने का हत्याराने?

तापीकाठचा_मांत्रिक: भाऊ, कुलूप उघडणं बॅकग्राउंडमधूनही (पात्राचा पूर्वीचा धंदा) मिळतं, त्याच्यावर नका जाऊ. लढाईत बघा. फायटरला ५व्या लेव्हलला दुसरा वार मिळतो, रॉगला तो मिळतच नाही, त्याचा स्नीक अटॅक (संधी साधून मारलेला जादा जोराचा वार) टर्नला एकदाच आणि तोही अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) असला किंवा शत्रूच्या ५ फुटांत आपला कोणी उभा असला तरच, म्हणून रॉगवाला सारखा बघत बसतो कोण कुठे सरकतंय. डोकं वेगळं चालतं, तोच क्लास.

धुळेकर_डीएम: बरोबर. १९७४ ला तर तीनच क्लास होते, लढवय्या, जादूगार, क्लेरिक (देवाचा पुजारी), चोर नंतर १९७५ ला आला. मला वाटतं क्लास म्हणजे तुमचं काय हिरावलं तर तुम्ही अडता. आमच्या विझार्डचं (जादूगाराचं) मंत्रांचं पुस्तक नदीत गेलं, तो खेळणारी पोरगी शेवभाजी थंड होईपर्यंत नुसती कागदाकडे बघत होती, आणि शेजारचा क्लेरिक पुस्तकाशिवायच दुसऱ्या दिवशी आरामात नवीन मंत्र निवडून तयार.

भुसावळचा_फासा: हे पटलं दादा. रविवारी रॉगवाल्याला हेच दाखवतो, फायटरला म्हणतो तू पुढे उभा राहा, तुझ्या आडून तो मारेल.