मदत हवी आहे: जर्मनीतल्या ताईला दरमहा पैसे पाठवतोय, टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) आणि तिकडच्या टॅक्सचं काय?

नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण स्टुटगार्टला असते. गेल्या वर्षी दाजींपासून वेगळी झाली, मुलगा नववीत, नोकरी अर्धवेळ, आणि भाडंच एवढं आहे की तिच्या पगारात काही भागत नाही. म्हणून एप्रिल २०२५ पासून मी नाशिकहून महिन्याला सव्वा लाख पाठवतोय, ए-टू फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज) 'जवळच्या नातेवाइकाचा उदरनिर्वाह' असं कारण टाकून. नोव्हेंबरपर्यंत काही कापलं नाही, डिसेंबरला मात्र खात्यातून २५ हजार जास्तीचे गेले. बँकेत विचारलं तर म्हणे वर्षात १० लाख झाले की पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस. म्हणजे मार्चपर्यंत एक लाख अडकणार, रिटर्न भरल्यावर मिळतील हे मान्य, पण माझं होमलोन चालू आहे हो, तोवर काय करू?

बायको म्हणते उरलेले तीन महिने मी माझ्या पगारातून पाठवते. पण बँकेतल्या बाई म्हणाल्या की नणंद 'जवळची नातेवाईक' यात बसत नाही. मग कसं पाठवायचं? आणि खरी काळजी वेगळीच आहे, ऑफिसातला एकजण म्हणाला जर्मनीत भावाने बहिणीला दिलेल्या पैशावर गिफ्ट टॅक्स लागतो. ताईला यातलं काहीच सांगितलेलं नाही, कळलं तर ती लगेच पैसे नको म्हणेल. प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद:
दादा, टीसीएससाठी रिटर्नपर्यंत थांबू नका. फॉर्म १२बीएए (आधीच कापलेला कर कंपनीला कळवायचा फॉर्म) भरून एचआरला द्या, ऑक्टोबर २०२४ पासून पगाराच्या टीडीएसमध्ये (पगारातून कापला जाणारा कर) हा टीसीएस धरता येतो, म्हणजे मार्चपर्यंतच्या पगारात टीडीएस तेवढा कमी कापला जाईल. कापलेले २५ हजार २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची तुमच्या कापलेल्या कराची नोंद) दिसतायत का ते आधी बघा. वहिनींनी 'भेट' या कारणाखाली पाठवावेत, त्यांची १० लाखांची मर्यादा वेगळी असते, फक्त पैसे खरोखर त्यांचेच हवेत, तुमच्या खात्यातून फिरवू नका. आपल्याकडच्या इन्कम टॅक्समध्ये नणंद नातेवाईकच धरतात, त्यामुळे ताईंना इकडे त्या भेटीवर कर नाही.

जर्मनीचं नीट समजून घ्या. भावंडांत एका देणाऱ्याकडून १० वर्षांत २०,००० युरोपर्यंत भेट करमुक्त, आणि भेट मिळाली की तीन महिन्यांत तिकडच्या टॅक्स ऑफिसला कळवायचं असतं. पण गरजेपुरता उदरनिर्वाह आणि शिक्षण यासाठी दिलेले पैसे या करातून वगळलेत. तुमचे पैसे भाड्याला जातात ना, मग भाडेकरार, ताईंची पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट सगळं एकत्र ठेवा. पैसे न खर्चता साठले तर मात्र ती भेटच दिसेल. तिकडच्या कर सल्लागाराला एकदा दाखवून घ्याच.

धागाकर्ता:
खूप खूप आभार. १२बीएए उद्याच देतो. भाडेकरार मागायचा म्हणजे ताईला सांगावंच लागणार, आज रात्री फोन करतो.