गुरूच्या छायाचित्रात खरे रंग कसे मिळवावेत?

गच्चीवरचा_निरीक्षक (नाशिक)
माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण (वर-खाली आणि आडवी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची), प्रतिमा मोठी करणारे बार्लो भिंग आणि आयएमएक्स४६२ सेन्सरचा रंगीत कॅमेरा आहे. शार्पकॅपमध्ये व्हिडिओ घेऊन ऑटोस्टॅकर्टमध्ये स्टॅकिंग (चांगल्या चौकटी एकमेकींवर रचणे) आणि रेजिस्टॅक्समध्ये वेव्हलेट (तपशील ठळक करणारी प्रक्रिया) केल्यावर गुरूचे पट्टे बऱ्यापैकी उठून दिसतात. रंग मात्र विटलेले, गुलाबी-राखाडी येतात आणि बिंबाच्या एका कडेला निळी, तर समोरच्या कडेला लाल किनार उमटते. सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवले की गुरू थेट भगवा होतो. गुरू पूर्वेला ३० अंश वर आला की मी चित्रण उरकून घेतो. दोष कॅमेऱ्याचा आहे की प्रक्रियेचा?

मृगशीर्ष
अवरक्त किरण अडवणाऱ्या फिल्टरचा आपण उल्लेख केलेला नाही. या सेन्सरची अवरक्त संवेदनशीलता मुद्दाम वाढवलेली असते आणि त्याच्या पिक्सेलांवरचे लाल, हिरवे व निळे थर साधारण ८५० नॅनोमीटरपुढचा प्रकाश जवळपास सारखाच आत सोडतात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश तिन्ही रंगांत सारखाच मिसळतो, त्यांच्यातला फरक पुसट होतो आणि मग सॅच्युरेशन कितीही ताणले तरी पट्ट्यांच्या छटा वेगळ्या होत नाहीत. कॅमेऱ्याच्या नळीला यूव्ही-आयआर कट फिल्टर लावावा. (मिथेनच्या ८८९ नॅनोमीटर पट्ट्यात चित्रण करणाऱ्यांना हीच संवेदनशीलता हवीहवीशी असते, तो भाग वेगळा.)

पुणे_५२
किनारींचे कारण वातावरण आहे. हवेत निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वळतो. ३० अंश उंचीवर या दोन प्रतिमांमध्ये सुमारे अडीच आर्कसेकंदांचे (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर पडते, तर आपली दुर्बीण चांगल्या हवेत ०.६ आर्कसेकंदांपर्यंतचा तपशील दाखवू शकते. रेजिस्टॅक्समधील ‘आरजीबी अलाइन’ने तीन रंग एकमेकांवर बसतात, परंतु प्रत्येक रंगाच्या आत पसरलेला प्रकाश त्याने गोळा होत नाही.

गच्चीवरचा_निरीक्षक
म्हणजे एडीसी (हवेमुळे फाकलेले रंग पुन्हा एकत्र आणणारे प्रिझमचे उपकरण) घेणे भाग आहे का?

पुणे_५२
गुरूसाठी आत्ता तरी नाही. जानेवारी २०२६ मधील प्रतियुतीच्या वेळी (गुरू सूर्याच्या बरोबर समोर असताना) गुरू मिथुन राशीत, सुमारे २२ अंश उत्तर क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला) आहे, म्हणजे नाशिकहून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. लंडनमधील निरीक्षकाला मात्र तो ६१ अंशांच्या वर मिळत नाही. ऐन माथ्यावर डॉब्सोनियन फिरवणे जिकिरीचे असते, म्हणून ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान चित्रण करावे.

सायंतारा
फिल्टर आणि उंची हे दोन्ही झाल्यावरच व्हाइट बॅलन्सला (रंगांच्या समतोलाला) हात लावावा, आणि तोही स्वयंचलित नको, कारण सॉफ्टवेअर संपूर्ण बिंबाची सरासरी राखाडी मानते आणि गुरूचा मूळचा सायीसारखा पिवळसरपणा काढून टाकते. साधारण तितक्याच उंचीवरचा, सूर्यासारखा जी२ वर्गाचा तारा पांढरा दिसेल असे लाल-निळ्याचे प्रमाण ठरवून तेच गुरूसाठी कायम ठेवावे. हिस्टोग्राम (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) कमाल मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आसपास राहू द्यावा. एखादा रंग कमाल मर्यादेला टेकला की उजळ पट्ट्यांची छटा तिथेच गमावली जाते. मोठा लाल डागही टोमॅटोसारखा लाल दाखवण्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे. फिलिपिन्समधील हौशी निरीक्षक ख्रिस्तोफर गो यांना गुरूवरचे ‘ओव्हल बीए’ हे आधी पांढरे असलेले वादळ तांबूस झाल्याचे फेब्रुवारी २००६ मध्ये ओळखता आले. प्रत्येक चित्राचे रंग मनाला येतील तसे चढवले असते, तर तो बदल वेगळा काढताच आला नसता.