आमच्या बेहड्यातला गरुड खरंच दुर्मिळ आहे का? भाऊ झाड विकायला निघालाय

लोंढ्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी बेळगावात अनगोळला असते, माहेर लोंढ्याच्या बाजूचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

घरामागं परड्याच्या कडेला जुना बेहडा आहे, दोघांच्या कवेत मावत नाही असा. माडीच्या कौलांपेक्षाही उंचावर एक ढोली आहे आणि मला कळतंय तेव्हापासून तिथं गरुड येतो. शेतावर घिरट्या घालतो तो नव्हे, मोठ्या पिवळट चोचीचा, चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा. आमच्याकडं त्याला गरुडच म्हणतात. फॉरेस्टचा वॉचमन कन्नड, तो मंगट्टे म्हणतो. आजी सांगायची, मादी आत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो. आम्ही पोरं सकाळी झाडाखाली काजऱ्याच्या बिया वेचायचो, चपट्या, गुळगुळीत, कोटाच्या बटणासारख्या. आजी ओरडायची, विष आहे ते, टाका आणि हात धुवा. गरुडाला ते फळ कसं पचतं याचं मला अजून नवल वाटतं.

आता भावानं बेहडा एका ठेकेदाराला द्यायचं ठरवलंय. विसारही घेतलाय. गोठ्याची शेड पडायला आलीय, पैसे लागणार, त्याचं काही खोटं नाही. मी फोनवर विषय काढला तर म्हणतो, "अक्का, गरुड कसला दुर्मिळ? नदीकडच्या वडावर वीस-वीस बसतात. दांडेलीत तर रिसॉर्टवाल्यांच्या अंगणात येतात." मला उत्तर देता येईना. हा पक्षी खरंच धोक्यात आहे का, आणि भावाला मी काय सांगू? फेब्रुवारी लागलाय. गेल्या रविवारी गेले तेव्हा जोडी ढोलीत डोकावत होती.

सातवीण
ताई, तुमचा गरुड म्हणजे धनेश, इंग्रजीत हॉर्नबिल. आधी त्यातली जात कोणती ते नक्की करा. आपल्या भागात धनेशाच्या चार जाती आहेत आणि गावात मोठ्या दोघांनाही गरुड म्हणतात. मान पिवळसर, तोंड काळं, शेपटी पांढरी आणि तिच्यात काळा आडवा पट्टा असेल तर तो महाधनेश, तीन फुटांच्या वरचा. मान काळीभोर, पोट पांढरं आणि चोचीवरच्या शिंगावर मोठा काळा डाग असेल तर ककणेर, म्हणजे मलबारी कवड्या धनेश. काजऱ्याच्या बिया आणि वडावरचे वीस-वीस यावरून मला तरी ककणेरच वाटतो.

आता स्थिती. जगभरच्या कुठल्या जिवाला किती धोका आहे याची लाल यादी आययूसीएन ही जागतिक संस्था ठेवते. तिच्यात महाधनेश २०१८ पासून 'व्हल्नरेबल' आहे, म्हणजे धोक्यातल्या तीन पायऱ्यांपैकी पहिली. ककणेर तिच्या एक पायरी अलीकडं, 'नियर थ्रेटन्ड', धोक्याच्या उंबऱ्यावर. आणि परसात माणसासारखा खदाखदा हसणारा मलबारी राखी धनेश आठवतो? तो सह्याद्रीसोडून जगात कुठं नाही. आपण त्याला कधी दुर्मिळ समजलो नाही, आणि २०२० मध्ये तोही 'व्हल्नरेबल'मध्ये गेला.

तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. दांडेलीकडं ककणेर थव्यानं दिसतात, तिथं २०११ पासून धनेशांसाठी राखीव क्षेत्रही आहे. पण वडावर बसलेले वीस म्हणजे वीस ढोल्या नव्हेत. फळं पिकली की लांबलांबचे एका झाडावर गोळा होतात. त्यातल्या किती जोड्यांना घर मिळालंय, हे वडावर बघून कळत नाही. धनेश सुतारासारखी स्वतः ढोली कोरत नाही. जुनं झाड, मोडलेली फांदी, आत कुजून झालेली पोकळी, आणि तोंड नेमकं मादी शिरेल एवढंच. असं झाड तयार व्हायला माणसाचं आयुष्य जातं. जंगल हिरवंगार दिसतं आणि तरी धनेशाला राहायला जागा नसते. म्हणून भावाला "जगात किती उरलेत" हे सांगू नका. "आपल्या शिवारात अशी दुसरी ढोली दाखव" असं म्हणा.

वखारीतला
मी वीसेक वर्षं लाकडाच्या धंद्यात काढली, म्हणून लिहितो. एकदा मार्च अखेरीला आम्ही खानापूर तालुक्यातच मालकीतला एक आंबा पाडला. ढोली कुणी बघितलीच नव्हती. झाड आडवं झालं तेव्हा खोडाला तडा गेला आणि आतून मादी बाहेर आली. पंखांची पिसं झडलेली, उडताच येईना. घरट्यात कोंडून घेतलं की ती पिसं टाकते, हे मला नंतर कळलं. चोच उघडून अंगावर येत होती, मागं सरत नव्हती. अंडी फुटली होती. नर संध्याकाळपर्यंत समोरच्या किंजळीवर बसून होता, चोचीत फळ धरून. गड्यानं मादीला पोत्यात घालून फॉरेस्टच्या नाक्यावर नेऊन दिली. पुढं काय झालं ठाऊक नाही. तेव्हापासून डिसेंबर ते जून मी ढोलीच्या झाडाला हात लावला नाही, लोकांनी दर वाढवून दिला तरी.

बेहड्याला तसा भाव काय येतो? फळ्यांना कीड लागते, बहुतेक जळणालाच जातो. ठेकेदारानं काय सांगितलंय ते भावाला एकदा नीट विचारा.

कागदपत्र_काका
दोन गोष्टी. कर्नाटकात मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायलाही १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते. निलगिरी, सुरूसारखी काही झाडं सोडून. विसार घेतला म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. दुसरं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हे शिकारीतच धरलंय. भावाला धाक घालण्यासाठी सांगत नाही, उद्या त्याच्यावरच प्रकरण येऊ नये म्हणून सांगतो. आणि मादी आत गेली की फोटोसाठी झाडाखाली कुणाला नेऊ नका. माणूस दिसला की नर भरवायला येत नाही.

लोंढ्याची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी आलेय. गोठ्याच्या दारातून बघितलं: मान काळी, पोट पांढरं, शिंगावर डाग. ककणेरच. सातवीण, तुम्ही सांगितलं तसं भावाला विचारलं, दुसरी ढोली दाखव. तो गप्प बसला, मग म्हणाला, नाल्याजवळच्या आंब्यात होती, तो आंबा गेल्या पावसात पडला. तेवढीच.

वखारीतले काका, तुमचं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं. आई चुलीपाशी ऐकत होती. तिनं उठून विसाराचे पैसे डब्यातून काढले आणि त्याच्यासमोर ठेवले. भाऊ म्हणाला, पावसाळ्यापर्यंत थांबू, नंतरचं नंतर. माझं समाधान झालेलं नाही. गोठ्याच्या शेडला किती पत्रे लागतील ते मोजलंय, अठरा. निम्मे मी देते म्हटलंय.

एकच विचारायचं राहिलं. आज सकाळपासून मादी आत आहे आणि ढोलीचं तोंड अर्धं लिंपलेलं दिसतंय. परड्यात भाजी लावायची आहे, झाडापासून तीस पावलांवर. तिथं रोज पाणी घालायला गेलेलं चालेल का, की यंदा तेवढा तुकडा पडीक ठेवू?

सातवीण
यंदा पडीक ठेवा ताई.