शाळा पुन्हा भरली : तुमच्या वर्गात, तुमच्या गावात काय दिसलं?

जुलै 2022. शाळा सुरू होऊन महिना होत आला. 2020च्या मार्चमध्ये कोविडमुळे प्राथमिकचे वर्ग बंद झाले, ते 2021च्या डिसेंबरात उघडले, जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि पुन्हा कुलूप लागलं. उरलेलं वर्ष कसंबसं ओढलं. लहान मुलांचं वर्ष जूनमध्ये रीतसर सुरू व्हायची ही 2019नंतरची पहिलीच वेळ. यंदा तिसरीत बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही, आणि दुसरी पाहिली ती शेवटचे काही महिने.

बातम्यांत फुगे, औक्षण आणि गुलाबाचं फूल एवढंच दिसतं. त्यापुढचं वाचायला मिळावं म्हणून हा धागा. शिक्षक, पालक, आजी-आजोबा, व्हॅनकाका, ज्यांना शाळा जवळून दिसते त्या सगळ्यांनी लिहा. मुलांची आणि शाळांची नावं नकोत. ऑनलाइन चांगलं की वाईट यावर दोन वर्षं पुरेसं भांडून झालंय, ते इथे नको.

सुरुवात मीच करते. मी पुण्यात पहिलीला शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी बालवाडी पाहिलेली नाही. एप्रिलमधल्या शाळा पूर्वतयारी मेळाव्यात ती दोरीवरून चालली, रंग ओळखले, मणी ओवले, सगळं छान. पण तेव्हा आई शेजारी होती. आता डब्याचं झाकण उघडणं, नळ बंद करणं, शेजारच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं, यातच पहिले पंधरा दिवस गेले. फाटकाशी पालक विचारतात, "बाई, वहीत अजून काहीच कसं नाही?" वहीत येईल हो. आधी वही कुठल्या बाजूने उघडायची ते तर येऊ द्या.

आटपाडी तालुका, द्विशिक्षकी शाळा

ताई, धागा काढलात बरं केलंत. माझ्याकडे दुसरी आणि तिसरी एकत्र बसते. पटावर तिसरी म्हणून लिहिलेल्या मुलांत अक्षरं न येणारी आहेत आणि गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचणारी पोरगीही आहे. ती पोरगी मोबाइलवर शिकलेली नाही. तिची बहीण आठवीत आहे, ती रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायची. बंदच्या काळात मी वस्त्यांवर जायचो, देवळाच्या मंडपात पोरं जमवायचो, तेव्हाही हेच दिसलं. ज्या घरात मोठं शिकणारं भावंड होतं तिथली पोरं तरली. फोन असून नसून सारखाच, कारण तो बापाबरोबर कामावर जाणार.

आमच्या भागातले लोक गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला पार तामिळनाडू-केरळपर्यंत घरं पसरलेली. 2020ला ही कुटुंबं गावी परतली आणि पट एकदम वाढला. कोईमतूरला जन्मलेलं एक पोर पहिल्यांदा आमच्या शाळेत आलं, ते खडे मोजायचं 'ओण्णु, रेंडु, मूणु' असं. बाकीच्या पोरांनी आठवड्याभरात ते उचललं आणि आमच्या परिपाठात तमिळ शिरली. आता धंदा सावरला तशी ती कुटुंबं परत निघालीत. तीन दाखले मागच्या आठवड्यात लिहिले. दोन वर्षांत मराठी वाचायला लागलेलं पोर आता तिकडे पुन्हा नव्या लिपीला बसणार.

सेतू अभ्यास चालू आहे, तीस दिवसांचा. तो मागच्या इयत्तेचा पाया पक्का करायला. पण माझ्या काही पोरांना मागची नव्हे, त्याच्याही मागची इयत्ता हवी आहे. म्हणून मी सकाळचे दोन तास इयत्ता विसरतो. अक्षरवाले एका कोपऱ्यात, शब्दवाले दुसऱ्या, गोष्टवाले व्हरांड्यात. हातच्याच्या वजाबाकीलाही तेच. तपासणीला कोणी आलं तर काय दाखवायचं ते तेव्हा बघू.

मुंबई उपनगर, पालक

आमची लेक दुसरीत. डिसेंबरात शाळा उघडली तेव्हा आम्हीच पाठवली नाही, घरात आजी आजारी होत्या. त्यामुळे तिची खरी शाळा जूनमध्येच सुरू झाली. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, टीचर केवढ्या उंच आहेत!" दोन वर्षं तिने त्यांना खांद्यापर्यंतच पाहिलं होतं. मास्कची सक्ती गुढीपाडव्यापासून गेली तरी ती काढायला तयार नाही. तिला म्हणे त्याशिवाय उघडं-उघडं वाटतं. आम्ही मागे लागत नाही.

आणि व्हॅनकाकांचा विषय निघालाय म्हणून. आमच्या काकांनी पहिल्याच वर्षी हप्ते थकल्यावर व्हॅन विकली, आता भाजीची गाडी लावतात. म्हणाले, सकाळचा धंदा सोडून परत पोरं कोण वाहणार.

धारूर तालुका, बीड

आमच्याकडे शाळा 15 जूनला उघडली, पण वर्ग भरला नव्हता. यंदा ऊसच इतका की मे संपला तरी कारखान्यांची धुराडी विझेनात. ऊसतोडीच्या टोळ्या उशिरा परतल्या. एरवी शाळा चालू असली की काही आईबाप पोरांना आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून जातात. शाळाच बंद म्हटल्यावर कशाला ठेवतील? दोन हंगाम पोरं कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, होती. त्यातल्या पोरी तर धाकट्यांना सांभाळायला, पाणी भरायला.

परवा एक चौथीतली वर्गात बसून पेंगत होती. विचारलं तर म्हणाली, पहाटे तीनला जाग येते, आई तेव्हाच उठवायची. गाडी भरायची वेळ ती. तिला वाचता येत नाही, पण टनाला काय भाव, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती फिटली आणि किती राहिली, हे ती तोंडी सांगते. मी गणित तिथूनच धरलंय. उचल, फेड, बाकी अशी फळ्यावर मांडणी केली की तिची मान वर होते. दिवाळीनंतर ती परत जाणार नाही यासाठी आत्ताच तिच्या आजीला भेटून आलो. आजी म्हणाली, "बघू." 'बघू'चा अर्थ या भागातल्या मास्तरांना ठाऊक आहे.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंची मुलगी (आई सांगतेय, मी टाइप करतेय)

दोन वर्षं पातेली पालथी होती. कोरडा तांदूळ, डाळ, हरभरा घरी वाटायचे. आता परत शिजतं. लहान पोरं पंगतीत बसतात पण खात नाहीत, "घरी नेऊ का?" विचारतात. त्यांना वाटतं शाळेचं अन्न घरीच न्यायचं असतं. एकाला म्हटलं, हे इथंच खायचं, हवं तेवढं. त्यानं तीनदा घेतलं. मानधन 2022मध्येही दीड हजारच, तेही लिही म्हणते आई.

यवतमाळ

आमच्या विदर्भात शाळा 27 जूनला उघडली, ऊन तुमच्यापेक्षा जास्त म्हणून. प्रवेशोत्सवाला बैलगाडी सजवली, पोट्टे खुश. त्यानंतर फोटो लिंकवर टाका, मग माहिती दुसऱ्या लिंकवर भरा, मग तीच माहिती कागदावर द्या. रेंज नाही म्हणून शाळेच्या मागच्या टेकाडावर चढून भरली. काहून विचारू नका. पोट्ट्यांना पाढे म्हणायला लावून मी टेकाडावर, असं शिक्षण चाललंय.

डिचोली, गोवा

आमच्याकडे लहानांचे वर्ग फेब्रुवारीतच उघडले, विधानसभेचं मतदान झाल्या-झाल्या. शिक्षक निवडणुकीच्या कामातून सुटले ते थेट वर्गात. मधल्या सुट्टीचा भाजी-पाव पुन्हा सुरू झाला. मराठी प्राथमिकचा पट कोविडच्या आधीपासूनच उतरतोय, त्याचं खापर महामारीवर फोडू नये असं मला वाटतं.

नाशिक, पालक

माझा मुलगा इंग्रजी माध्यमातून महापालिकेच्या मराठी शाळेत आला, चौथीत. ह्यांची नोकरी गेली, फी थकली. आधीच्या शाळेने दाखला अडवून धरला. नव्या शाळेच्या बाईंनी दाखल्यावाचून बसवून घेतलं, "तो बसू दे, कागद येतील" म्हणाल्या. सुरुवातीला त्रेसष्ट की छत्तीस असा गोंधळ व्हायचा. बाईंनी 'साठ तीन, तीस सहा' असं म्हणायला दिलं. बालभारतीने 2019ला दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आणली तेव्हा केवढी थट्टा झाली होती! आमच्या घरात ती उपयोगी पडली. आता खेळायला मित्र चालत येतात, हे त्याला फार आवडलंय.

सोलापूर

नीलमनगरात बंदच्या काळात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते ते अनेकांनी वाचलं असेल. त्या भागात विडी आणि यंत्रमागाची घरं, फोन कमी. पोरं जाता-येता भिंत वाचायची. आपल्याकडे तसं काही करू पाहणाऱ्यांनी रंगाचा खर्च विचारावा, ॲपचा नको.

कोल्हापूर जिल्हा, तिसरीची शिक्षिका

वाचून झालं सगळं. माझ्या वर्गात दोन मुलं अशी आहेत ज्यांचे वडील दुसऱ्या लाटेत गेले. कोणालाही उभं करून 'वडील काय करतात' विचारणं आम्ही शाळेत सर्वांनीच बंद केलंय. फॉर्म भरताना मी तो रकाना आधीच घरून माहिती घेऊन भरते. दोघांच्या आयांना बालसंगोपन योजना, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळासाठीची सरकारी मदत, माहीत नव्हती. आई-वडील दोघेही गेले तरच मदत मिळते असा सगळ्यांचा समज आहे. तसं नाही, एक पालक गेला असला तरी अर्ज करता येतो. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जायचं. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि मुलाचा शाळेचा बोनाफाईड बरोबर न्या. बोनाफाईड तर आपल्याच हातात असतो, तो त्याच दिवशी द्या.